एकीची दरवर्षी, दुसरीची कधीच नाही

(तालुक्यातील महिला आरोग्य कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी या विषयावर बोल, असं मला सांगण्यात आलं आहे. मी डॉक्टर नाही. समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि गेली बारा वर्षं सोलापूर-धाराशिवच्या सीमेवरच्या गावांतून आणि वस्त्यांतून काम करते आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते एका कार्यकर्तीच्या वहीतलं आहे. त्यात वाचून, विचारून, डॉक्टर मैत्रिणींशी भांडून जे समजलं तेही आहे. चुकाही आहेत, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक माझी स्वतःची आहे.

दोन बायकांची हकिगत सांगते.

पहिली बाई मी. पंचविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. यजमानांच्या कंपनीत कुटुंबासाठी दरवर्षी मोफत तपासणीची सोय होती. त्या ‘पॅकेज’मध्ये रक्त, लघवी, सोनोग्राफी यांच्याबरोबर पॅप तपासणीही होती. मोफत आहे म्हटल्यावर आपण नाही म्हणत नाही. सव्वीसाव्या वर्षी केली, सत्ताविसाव्या वर्षी केली, दोन्ही वेळा सगळं ठीक. अठ्ठाविसाव्या वर्षी अहवालात ‘किरकोळ बदल’ असं आलं. एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, तेवढा भाग काढून टाकू, कशाला जोखीम घ्यायची? पुढच्याच आठवड्याची तारीख दिली. मला तोवर मूल नव्हतं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, “मूल होईल ना?” माझा पहिला प्रश्न, “मी मरणार का?” आरोग्याची प्रशिक्षणं घेणारी मी, आठ दिवस झोपले नाही.

शेवटी एका सरकारी रुग्णालयातल्या ज्येष्ठ डॉक्टरबाईंनी अर्धा तास बसवून समजावलं. तुझ्या वयात असे किरकोळ बदल पुष्कळ जणींना होतात आणि बहुतेकींचे आपोआप जातात. आज काही कापायचं नाही. वर्षाने पुन्हा तपासू. वर्षाने तपासलं तेव्हा काहीही नव्हतं. पुढे मला मुलगी झाली.

दुसरी बाई आमच्या मावशी. आमच्या संस्थेत स्वयंपाक करायच्या. आम्ही गावोगाव तपासणी शिबिरं घ्यायचो तेव्हा डॉक्टरांना चहा, बायकांना पोहे, पडदे बांधायला दोऱ्या, सगळं मावशी बघायच्या. एवढंच नाही, लाजणाऱ्या बायकांना हाताला धरून आत आणायच्या त्याही मावशीच. सात शिबिरं त्यांनी पार पाडली. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पाळी कधीच गेलेली. एके दिवशी मोरीत पातळ धुताना आमच्या एका सहकारी ताईने रक्ताचे डाग पाहिले. विचारलं तर म्हणाल्या, “चार-सहा महिनं झालं, मधनंच जातंय. उष्णतेचं असंल.” तपासलं. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि तो बाजूला पसरला होता.

मी त्यांना विचारलं, मावशी, सात शिबिरं झाली, तुम्ही एकदाही का नाही तपासून घेतलं? त्या म्हणाल्या, “मला कोण इचारलं? आन माझं मालक जाऊन बारा वरसं झाली. मला वाटलं, ह्ये नवरा असणाऱ्या बायांचं हाय.”

शेक देण्याचे उपचार झाले. दीड वर्षांनी मावशी गेल्या.

तीन वर्षांत माझ्या तीन तपासण्या झाल्या, ज्या वयात त्यांची गरज नव्हती. मावशींच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत एकही झाली नाही, आणि तीही तपासणी शिबिर जिच्या खांद्यावर चालतं त्या बाईची. ही दोन वेगवेगळी दुःखं आहेत असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही. जिच्याकडे पैसे, विमा, शहर आहे तिच्यामागे तपासणी धावते. जिच्याकडे यातलं काही नाही तिच्या दारावरून ती निघून जाते. दोघींना एक गोष्ट मात्र सारखीच मिळत नाही. ती म्हणजे नीट माहिती देऊन विचारलेला प्रश्न.

आजार काय आहे

थोडं मूळापासून बघू. गर्भाशयाचं तोंड योनीमार्गात जिथे उघडतं तिथे हा कॅन्सर होतो. त्याच्या मागे जवळजवळ नेहमीच एक विषाणू असतो, मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात हा संबंध दाखवला आणि त्यासाठी २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

हा विषाणू लैंगिक संबंधातून येतो. इथे आपल्याकडे लगेच बाईच्या चारित्र्याकडे बोट जातं. म्हणून स्पष्ट सांगते. तो इतका सर्रास आहे की लैंगिक संबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतो. आयुष्यभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही होतो. पुरुषाला बहुधा काही त्रास जाणवत नाही, तो फक्त पोचवतो. त्यामुळे “तुला हा रोग कुठून आला?” हा प्रश्न घरात कोणी विचारला तर तो प्रश्न विचारणाऱ्यालाच परत करावा.

बहुतेक बायकांचं शरीर एक-दोन वर्षांत हा विषाणू आपणहून घालवून देतं. काही थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. मग पेशी बदलू लागतात, आणि त्या बदलांचा कॅन्सर व्हायला साधारणपणे दहा, पंधरा, वीस वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत हे लवकर घडू शकतं. कमी वयातली बाळंतपणं, खूप बाळंतपणं आणि तंबाखू ओढणं यांनी धोका वाढतो.

तपासणीचं सगळं गणित या दोन गोष्टींवर उभं आहे. तरुण वयात विषाणू येतो आणि जातो, म्हणून तेव्हा वारंवार शोधत बसलं की जे आपोआप जाणार होतं तेच सापडतं. मग भीती, खर्च आणि नको ती शस्त्रक्रिया. तोंडाचा भाग कापून काढला तर पुढच्या बाळंतपणात दिवस पूर्ण होण्याआधी मूल जन्मण्याचा धोका वाढतो, हे आता सिद्ध झालं आहे. उलट तिशीनंतर जो विषाणू टिकून आहे तो महत्त्वाचा. तो शोधायला दहा-वीस वर्षांची सवड मिळते. म्हणजे दरवर्षी तपासायची गरज नाही, पण आयुष्यात एकदाही न तपासणं म्हणजे ती सवड वाया घालवणं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं आहे की एचपीव्हीची तपासणी तिसाव्या वर्षापासून, दर पाच ते दहा वर्षांनी पुरे. एचआयव्ही असलेल्या बाईने पंचविसाव्या वर्षापासून, तीन ते पाच वर्षांनी करावी. त्याच संघटनेने २०२० मध्ये जगापुढे उद्दिष्ट ठेवलं की २०३० पर्यंत सत्तर टक्के बायकांची चांगल्या दर्जाची तपासणी पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा व्हावी. आयुष्यात दोनदा. फिनलंडमध्ये १९६० च्या दशकापासून तीस ते साठ वयाच्या प्रत्येक बाईला दर पाच वर्षांनी घरी पत्र पाठवून बोलावलं जाऊ लागलं. म्हणजे आयुष्यात सात वेळा. तेवढ्यावर त्यांच्याकडचे मृत्यू सुमारे ऐंशी टक्क्यांनी घटले. कोणीही सुटणार नाही, याची जी काळजी त्यांनी घेतली, तिचं हे फळ.

आता आपल्याकडे बघा. आपल्या सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी असं लिहिलेलं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी आयुष्यात कधीतरी ही तपासणी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के. शंभरात दोन सुद्धा नाहीत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा कॅन्सर झाला आणि सुमारे ८० हजार गेल्या.

आपल्याच जिल्ह्यांनी जगाला काय शिकवलं

या तपासणीचं जगातलं एक अतिशय महत्त्वाचं संशोधन आपल्या दाराशी झालं आहे. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्या भागातल्या बायकांमध्ये हा कॅन्सर सगळ्यात जास्त आहे हे तिथे नोंदलं गेलं. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हिनेगरची, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघण्याची, आणि चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था. तपासणी फक्त एकदा. आठ वर्षांनी हिशेब केला. एचपीव्ही तपासणीच्या गटात सुमारे ३४ हजार बायकांत ३४ मृत्यू झाले होते. तपासणी न झालेल्या गटात सुमारे ३१ हजार बायकांत ६४. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरची धोरणं बदलली.

व्हिनेगरच्या तपासणीचंही सांगते, कारण आपल्या उपकेंद्रांत तीच होते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून दीड लाख बायकांचा अभ्यास झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हातून दर दोन वर्षांनी, चार वेळा ही तपासणी केली. मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. धाराशिवमध्ये मात्र एकदाच केलेल्या व्हिनेगरच्या तपासणीचा तसा खात्रीचा फरक दिसला नव्हता. म्हणजे स्वस्त तपासणी वाईट नाही, पण ती करणारीचं प्रशिक्षण आणि सातत्य यांवर ती उभी असते. पाळी गेलेल्या बाईत जो भाग बघायचा तो आत सरकलेला असतो, म्हणून तिच्यात ती कमी भरवशाची. एचपीव्हीच्या तपासणीचा आणखी एक गुण असा की नमुना बाई स्वतः घेऊ शकते, पडद्याआड, कोणाच्या मदतीशिवाय. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या आरसा आणि बॅटरी घेऊन “स्वतःचं शरीर ओळखा” अशी शिबिरं घ्यायच्या, त्यांना हे ऐकून आनंद वाटला असता.

या दोन्ही अभ्यासांबद्दल एक गोष्ट न सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. तुलनेसाठी ज्यांची तपासणी केली नाही, त्याही बायकाच होत्या, आणि त्यांच्यातल्या काही या रोगाने गेल्या. त्यांना आरोग्यशिक्षण दिलं होतं, पण तपासणी नव्हे. हे नैतिक होतं का, यावर जगभर वाद झाला. तो वाद आपल्याला माहीत असायला हवा. आणि एवढी किंमत देऊन मिळालेलं ज्ञान पंधरा वर्षांहून जास्त काळ आपल्याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रांत नीट पोचत नाही, हे तर कोणत्याही तराजूत अनैतिकच आहे.

न्यूझीलंडमधली एक गोष्ट या संदर्भात आठवते. तिथल्या ऑकलंड शहरातल्या एका प्रसिद्ध स्त्री-रुग्णालयात १९६६ पासून एका डॉक्टरने पूर्वकर्करोगाचे गंभीर बदल असलेल्या बायकांवर पूर्ण उपचार न करता फक्त पाहत राहण्याचा प्रयोग चालवला. बायकांना काही सांगितलं नव्हतं. १९८७ साली सँड्रा कोनी आणि फिलिडा बंकल या दोन स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी मासिकात लेख लिहून हे उघडकीला आणलं. न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी बसली, १९८८ मध्ये अहवाल आला, आणि त्यातून त्या देशात रुग्णांच्या हक्कांची व्यवस्था उभी राहिली. पुढे २००८ मध्ये त्या बायकांच्या नोंदींचा अभ्यास झाला. गंभीर बदल होते आणि पुरेसा उपचार झाला नाही, अशांपैकी सुमारे ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांचा उपचार नीट झाला त्यांच्यात एक टक्क्याहून कमी.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. गंभीर बदल सापडला तर उपचार चुकवू नका, कारण उपचार जवळजवळ पूर्ण संरक्षण देतो. आणि गंभीर बदल सापडला म्हणजे उद्या मरण, असंही नाही. निर्णय घ्यायला, दुसरं मत घ्यायला वेळ असतो. “आजच्या आज करा” असं कोणी म्हणालं तर घाई कोणाला आहे ते विचारा.

भीतीचा धंदा

आता शेजारच्या बीडकडे वळू. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. साधारण सहांत एक. देशपातळीवर पंधरा ते एकोणपन्नास वयातलं हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

यामागे उचल आहे, मुकादम आहे, एक दिवस खाडा झाला की कापला जाणारा दंड आहे, फडावर पाण्याची आणि आडोशाची सोय नसणं आहे. आणि एक वाक्य आहे, जे मी स्वतः असंख्य बायकांच्या तोंडून ऐकलं आहे: “डॉक्टर म्हनलं, पिशवीला सूज हाय, काढली न्हाई तर कॅन्सर हुईल.” अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, कंबर दुखते म्हणून बाई जाते. सोनोग्राफी होते. पिशवीच्या तोंडाची तपासणी होत नाही. पॅप नाही, व्हिनेगर नाही, तुकडा तपासणं नाही. कॅन्सरचं नाव मात्र होतं, आणि तिशी न ओलांडलेल्या बाईची पिशवी जाते.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. धाराशिव आणि बीड लागून आहेत. एका जिल्ह्यात सिद्ध झालं की आयुष्यात एकदा केलेल्या साध्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. त्याच्या शेजारी त्याच वर्षांत त्याच कॅन्सरच्या भीतीने, एकही तपासणी न करता, हजारो बायकांची शरीरं कापली गेली. तपासणी न होणं आणि नको ते उपचार होणं या दोन टोकांच्या गोष्टी नाहीत. जिथे खरी तपासणी पोचत नाही, तिथेच भीतीला गिऱ्हाईक मिळतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांबाबत राज्यांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचना अमलात आणायला सांगितलं आहे. त्यांची अंमलबजावणी आपल्या तालुक्यात कितपत होते हे विचारणं आपलं काम आहे.

पिशवी काढलेल्या बाईच्या बाबतीत आणखी एक फसवणूक होते. तिलाही दरवर्षी पॅप करायला बोलावतात. अमेरिकेत २००४ मध्ये एका अभ्यासात आढळलं की सुमारे एक कोटी बायकांची ही तपासणी चालू होती, ज्यांना पिशवीचं तोंडच उरलेलं नव्हतं! जो अवयव नाही त्याची तपासणी कसली? पण इथेही सरसकट बोलू नका. कधी कधी पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. तसं असेल तर तपासणी लागते. कॅन्सर किंवा पूर्वकर्करोगाचे बदल म्हणून काढली असेल तरीही डॉक्टर सांगतील तशी लागते. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद मागून घ्या आणि ट्रंकेत नीट ठेवा. आमच्या गावांतल्या कितीतरी बायकांकडे तो कागदच नाही. आपल्या शरीरातून काय काढलं आणि काय ठेवलं, याची लेखी नोंदसुद्धा त्यांच्या हातात नाही.

आमच्या वहीत काय बदललं

मावशी गेल्यावर आम्ही जुन्या शिबिरांच्या वह्या काढून बसलो. आमच्या अहवालात “इतक्या तपासण्या” असा आकडा असायचा, आणि देणगीदारांनाही तोच लागायचा. नीट पाहिलं तर अनेक नावं दोन-दोन, तीन-तीनदा होती. बचतगटाच्या अध्यक्षा, अंगणवाडीच्या ताई, सरपंचबाई, आमच्या ओळखीच्या, बोलक्या, शिबिराच्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल अशा. त्या दर शिबिराला यायच्या, कारण आम्हीच आग्रह करायचो. पारधी वस्तीतलं एकही नाव नव्हतं. विधवा, टाकलेल्या, साठीच्या जवळ आलेल्या बायका मोजक्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ज्यांच्या नावापुढे “पुढील तपासणी आवश्यक” असा शेरा होता, त्यांतल्या कित्येक जणी पुढे तालुक्याला गेल्याच नव्हत्या. एकीने सांगितलं, कागद इंग्रजीत होता, मुलाला वाचायला द्यायची लाज वाटली, म्हणून चुलीत घातला.

म्हणजे कमी तपासणी आणि जास्त तपासणी, दोन्ही आमच्या एकाच वहीत होत्या, आणि ती वही मी लिहीत होते.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी ठरवल्या. तुम्हाला पटल्या तर घ्या.

एक, तपासण्या नाही, बायका मोजायच्या. शिबिराच्या आधी गावातल्या तीस ते पासष्ट वयाच्या सगळ्या जणींची यादी करायची. आशाताईंकडे तीस वर्षांवरच्यांचे अर्ज भरलेले असतात, त्यांची मदत होते. जिची कधीच झाली नाही ती पहिली. जिची पाच वर्षांत झाली आणि ठीक आहे, तिला हसून घरी पाठवायचं.

दोन, यादीत नवऱ्याचं नाव विचारायचं नाही. विधवा, एकट्या, देहविक्री करणाऱ्या, एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका मुद्दाम शोधायच्या. विषाणू वीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो. नवरा गेला म्हणून तो जात नाही.

तीन, पुढच्या उपचाराची सोय ठरल्याशिवाय शिबिर घ्यायचं नाही. दोष सापडलेल्या प्रत्येक बाईबरोबर एक कार्यकर्ती जाईल, एसटीचं भाडं संस्था देईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रं आधी तयार ठेवायची. नुसतं “तुला दोष आहे” सांगून सोडून देणं हे न तपासण्याहून वाईट.

चार, अहवाल मराठीत, आणि तोंडी, एकटीला बसवून सांगायचा.

पाच, आत जाताना बाईला सांगायचं की काय करणार, कुठलं साधन वापरणार, दुखलं तर थांबवता येईल, आणि “नको” म्हणण्याचा तिला अधिकार आहे. दारात उभं राहून “चला, चला, कपडे वर करा” असं ओरडणारं शिबिर आम्ही एकदा पाहिलं आहे. तिथून परतलेली बाई पुन्हा कधीच येत नाही, आणि तिच्या चार शेजारणीही येत नाहीत.

सहा, तक्रार असेल तर शिबिराची वाट पाहायची नाही. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे जाणं, घाण वासाचं पाणी जाणं, यांपैकी काही असेल तर ती बाई तपासणीच्या यादीतली नाही, ती आजारी बाई आहे. तिला लगेच डॉक्टरांकडे न्यायचं, मागच्या वर्षी तपासणी ठीक आली असली तरीही. मावशींना शिबिराची नव्हे, त्या सहा महिन्यांत कोणीतरी “कसं वाटतंय?” विचारण्याची गरज होती.

लसीबद्दल तुम्ही विचाराल. लस उपयोगी आहे, ती लहान वयात, विषाणू येण्याआधी द्यायची असते. २०१० साली आंध्र आणि गुजरातमध्ये मुलींना लस देण्याचा प्रकल्प थांबवावा लागला. त्यात संमती नीट घेतली नव्हती. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. तेव्हा आवाज उठवणाऱ्या महिला संघटनांना “विज्ञानविरोधी” म्हटलं गेलं. मला वाटतं, लस चांगली असणं आणि मुलीच्या आई-बापाला विचारून देणं, या दोन मागण्या एकाच वेळी करता येतात. आणि लस आली म्हणून आज चाळिशीत असलेल्या बाईची तपासणी टळत नाही. लस घेतलेल्या मुलींनाही पुढे तपासणी लागेलच.

मैत्रिणींनो, आपल्या चळवळीने बायकांच्या शरीरावर होणाऱ्या जबरदस्तीविरुद्ध पुष्कळ भांडणं केली. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, घातक इंजेक्शनं, गर्भलिंग तपासणी. त्यामुळे कोणी तपासणीचं नाव काढलं की आपल्याला शंका येते, आणि ती शंका सोडू नका. पण शंकेच्या भरात जिला गरज आहे तिची तपासणी आपल्याच हातून राहू नये. “कमी करा” आणि “जास्त करा” या दोन्ही मागण्या आपल्याला करायच्या आहेत, फक्त कोणासाठी कोणती, हे ओळखून.

आता चहाची सुट्टी आहे. स्वयंपाकघरात चौघी बाया सकाळपासून राबताहेत. चहा घ्यायला जाल तेव्हा त्यांचं वय विचारा, आणि कधी तपासणी झाली का तेही विचारा. मी सात वेळा त्यांच्यासारखीच्या हातचा चहा प्याले आणि विचारलं नाही.